मिंचोच्या काठानं दोघांचा एक दिवस : पेस्किएरा ते मांतोवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेच्या शेवटी तुम्ही दोघं दहा दिवसांसाठी इटलीला निघाला आहात आणि त्यातला एक दिवस सायकलवर काढायचा आहे. तुमचे यजमान २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे करतात, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या. तुम्ही रविवारी नाशिकहून गंगापूर धरणापर्यंत जाऊन येता, म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर. डोळ्यांसमोर टस्कनीतले सरूचे रस्ते आहेत. दोघंही शाकाहारी, तुम्ही अंडंही खात नाही. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘मला दम लागला तर त्याचा दिवस वाया जाईल, ही भीती वाटते.’

मी या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण मार्ग, सायकल, वेळ हे सगळं त्याच्यावरूनच ठरणार आहे. आम्ही दोघं गेली वीस वर्षं सुट्टीत सायकल घेऊन फिरतो, त्यातल्या सहा वेळा इटलीत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी अगदी तुमच्याच जागी होते. आम्ही टस्कनीच निवडली होती, पिएन्झाच्या आजूबाजूची ओर्चा नदीची दरी. चित्रात दिसते तशीच सुंदर आहे ती. पण चित्रात चढ कळत नाहीत. पिएन्झा समुद्रसपाटीपासून ४९१ मीटरवर, बान्यो विन्योनी साधारण ३०० मीटरवर, मध्ये सान क्विरिको पुन्हा ४०० च्या वर. तिथली जुनी गावं टेकड्यांच्या माथ्यावर वसलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक गावात शिरायचं म्हणजे चढ आणि निघायचं म्हणजे उतार. दिवसभरात पाच-सहाशे मीटरची चढाई सहज होते, तीही बरेचदा खडीच्या पांढऱ्या रस्त्यांवर.

त्या दिवशी नवरा प्रत्येक चढ आधी चढून वर झाडाखाली माझी वाट बघत थांबायचा. मी धापा टाकत पोचले की तो प्रेमानं म्हणायचा, ‘आलीस? चल मग.’ आणि निघायचा. त्याला दर चढावर दहा मिनिटांची विश्रांती मिळत होती, मला एक मिनिटही नाही. दुपारी तीन वाजता मी सायकल रस्त्याच्या कडेला आडवी टाकली आणि रडले. त्याला खरंच कळेना काय झालं, कारण त्याच्या मते तो दिवसभर माझ्यासाठी थांबतच होता.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे आणि तो तुम्हालाही आग्रहानं सांगते. विश्रांतीचं घड्याळ मागून येणारी व्यक्ती पोचल्यावर सुरू होतं. ती उतरेल, पाणी पिईल, बसेल, आणि ‘निघू या’ हे तिनंच म्हणायचं. दुसरा नियम, हळू चालवणारी व्यक्ती पुढे, जोरात चालवणारी मागे. याचा अर्थ दिवसभर वेग तुमचा असेल. यजमानांना सुरुवातीचा तासभर पाय आखडल्यासारखे वाटतील, मग त्यांना आजूबाजूचं दिसायला लागेल. ब्रेव्हेमध्ये नजर सतत वेळेवर आणि पुढच्या चेकपॉइंटवर असते. हा दिवस तसा नाही, हे त्यांना निघायच्या आदल्या रात्री, जेवताना शांतपणे सांगा. रस्त्यात सांगू नका, रस्त्यात ते तक्रारीसारखं ऐकू येतं.

आता मार्ग. एकाच दिवसासाठी मी तुम्हाला टस्कनी सुचवणार नाही. मी सुचवेन गार्दा सरोवराच्या दक्षिण टोकाच्या पेस्किएरा गावापासून मांतोवा शहरापर्यंतचा, मिंचो नदीच्या काठानं जाणारा सायकलमार्ग. लांबी साधारण ४५ किलोमीटर. जवळजवळ पूर्ण डांबरी, आणि बहुतेक भाग मोटारींपासून मोकळा. पेस्किएरा समुद्रसपाटीपासून ६८ मीटरवर आणि मांतोवा १९ मीटरवर, म्हणजे ४५ किलोमीटरमध्ये जेमतेम ५० मीटरचा उतार. तो पायांना जाणवणार नाही, पण चढही जाणवणार नाही. नॉर्वेच्या उत्तर टोकापासून माल्टापर्यंत जाणारा ‘युरोवेलो ७’ हा लांब पल्ल्याचा मार्गही इथूनच जातो, त्यामुळे सामानानं लादलेल्या सायकली घेऊन हजारो किलोमीटर निघालेली माणसं भेटतात. यजमानांना त्यांच्याशी बोलायला नक्की आवडेल.

रविवारी वीस किलोमीटर करणाऱ्या माणसाला ४५ झेपतील का? सपाटीवर झेपतात. ताशी तेरा-चौदाच्या वेगानं पॅडल मारण्याचा वेळ साडेतीन तासांच्या आसपास होतो. तुमच्याकडे अख्खा दिवस आहे, मेच्या अखेरीस तिथं सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. तरी जाण्याआधी सलग तीन-चार रविवार अंतर वाढवत न्या आणि एकदा तरी ३५ किलोमीटर करून बघा. पाय बहुधा साथ देतील, प्रश्न बैठकीचा असतो. गादीची सायकलिंग शॉर्ट आत्ताच घेऊन सरावात वापरा, तिथं पहिल्यांदा घालू नका. ती अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याची शिक्षा चार दिवस भोगली. वरून सैल पँट किंवा कुडता चालतो. ओढणी मात्र नको, चाकात जाते.

वार नीट निवडा. शनिवार-रविवारी या वाटेवर अख्खी कुटुंबं, लहान मुलं, कुत्री आणि त्यांच्यामधून वेगानं जाणारे रेसिंग सायकलवाले असे सगळे एकत्र असतात. सोमवारी मांतोवाचा राजवाडा बंद असतो. २ जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन, त्या दिवशी आणि त्याला जोडून सुट्टी आली तर तेव्हाही गार्दाच्या काठावर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा मंगळवार ते शुक्रवार यांतला दिवस घ्या.

पेस्किएरा मिलान-व्हेनिस रेल्वेमार्गावर आहे, व्हेरोनाहून लोकलनं पाव तास. स्टेशन गावातच आहे आणि सायकल भाड्यानं देणारी दुकानं जवळपास आहेत. सायकल आदल्या संध्याकाळी ताब्यात घ्या, सकाळी घाई नको. ‘ट्रेकिंग’ प्रकारची सायकल मागा: सरळ हँडल, मध्यम रुंदीचे टायर, मागे कॅरिअर आणि बॅगा. दुकानात उभ्या उभ्या हो म्हणू नका. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल खालच्या टोकाला न्या, पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. बहुतेक दुकानदार बायकांना सीट खाली करून देतात, कारण पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं. पण खाली केलेल्या सीटवर ४५ किलोमीटर म्हणजे गुडघेदुखीला आमंत्रण.

एक गोष्ट तिथंच, दुकानाच्या दारात तपासा. आपल्याकडे उजव्या हातातला ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो, तिथं भाड्याच्या सायकलवर बहुतेक वेळा डाव्या हातातला पुढचा असतो. सवयीनं डावा करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. दोन-तीन मिनिटं गल्लीत फिरून हाताला ती अदलाबदल शिकवा. शिवाय वाहतूक उजवीकडून. सरळ रस्त्यावर ते लगेच अंगवळणी पडतं, चूक होते ती थांबून पुन्हा निघताना. फोटो काढला, पाणी प्यालो, सायकलवर बसलो आणि आपोआप डावीकडे गेलो, असं आम्हा दोघांचंही झालंय. म्हणून प्रत्येक थांब्यानंतर मागचा माणूस मोठ्यानं ‘उजवीकडे’ म्हणतो. वीस वर्षांनंतरही म्हणतो.

कायद्याचं थोडं. इटलीत गावाबाहेरच्या रस्त्यावर दोघांनी शेजारी शेजारी सायकल चालवायला मनाई आहे, एकामागे एकच जायचं. अंधार पडल्यावर दिवे हवेतच, आणि गावाबाहेर चमकणारं जाकीटही. प्रौढांना हेल्मेटची सक्ती नाही, पण आपण घालायचं. दारू पिऊन सायकल चालवणं तिथं गुन्हा आहे, मोटारीसारखाच. दुपारच्या जेवणाबरोबर वाइन समोर येते आणि कस्टोझाची पांढरी वाइन याच टेकड्यांमधली, पण ती संध्याकाळसाठी राखून ठेवा. आपत्कालीन नंबर ११२.

सकाळी साडेआठला निघा. पेस्किएरा म्हणजे पाण्यानं वेढलेला तारेच्या आकाराचा व्हेनिसकरांचा किल्ला. २०१७ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि मिंचो सरोवरातून बाहेर पडते ती इथंच. सुरुवातीचं पाणी पाहून तुम्ही थांबालच. हिरवट-निळं, तळ दिसेल इतकं स्वच्छ, आणि त्यात हंस. थोडं पुढे गेल्यावर महामार्गाच्या पुलाखालून वाट जाते, तिथं वर ट्रकचा गडगडाट असतो. तो मागे पडला की एकदम शांतता पसरते. मग एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला द्राक्षं, पीच आणि किवीच्या बागा. किवीचे वेल मांडवावर चढवलेले असतात, अगदी आपल्या नाशिककडच्या द्राक्षांच्या मांडवासारखे, तुम्हाला ओळखीचे वाटतील.

मेमध्ये आणखी एक गंमत असते. पो नदीच्या या मैदानात पॉप्लरची झाडं भरपूर, आणि त्या दिवसांत त्यांचा कापूस उडत असतो. सावरीची बोंडं फुटली की आपल्याकडे उडतो तसाच. वाटेच्या कडेला त्याचा पांढरा थर साचतो. दिसायला सुरेख, पण डोळ्यांत आणि तोंडात जातो. साधा पारदर्शक चष्मा जवळ ठेवा, आणि दम्याचा त्रास असेल तर औषध खिशात, सामानात नाही.

सालिओन्झेपाशी नदीवर दरवाज्यांचा बांध लागतो. गार्दा सरोवरातून खाली किती पाणी सोडायचं ते इथून ठरतं, आणि खालच्या मैदानातल्या मक्याचं, कुरणांचं बरंचसं सिंचन त्यावर अवलंबून आहे. त्यानंतर उजव्या हाताला टेकडीवर मोन्झाम्बानोचा किल्ला दिसतो. वर जायची गरज नाही. खालून, नदीच्या पलीकडून तो जास्त छान दिसतो, आणि तुमचे पाय पुढच्यासाठी राहू द्या.

साधारण पंधराव्या किलोमीटरला बोर्गेत्तो. दिवसभरातला सगळ्यात मोठा मुक्काम इथं करा, दोन तास तरी. नदीतच उभ्या असलेल्या जुन्या पाणचक्क्या, त्यांची लाकडी चाकं, दगडी घरं, सगळं मिळून एक मूठभर वस्ती. आत सायकलवरून उतरून चाला, गल्ल्या अरुंद आहेत. डोक्यावर पलीकडच्या टेकडीला टेकलेला लांबलचक पूल दिसतो, तो व्हिस्कोन्ती पूल. साडेसहाशे मीटर लांब. १३९३ मध्ये मिलानच्या जान गालेआत्सो व्हिस्कोन्तीनं बांधायला घेतला तो माणसांना नदी ओलांडता यावी म्हणून नव्हे. तो पूलही होता आणि धरणही. मिंचोचं पाणी इथं अडवायचं आणि दुसरीकडे वळवायचं, म्हणजे खाली मांतोवाभोवतीची तळी आटतील आणि शहर उघडं पडेल, असा बेत होता. तो काही सिद्धीला गेला नाही. पण संध्याकाळी तुम्ही मांतोवात शिराल तेव्हा हा पूल आठवा. ज्या पाण्याच्या काठानं दिवसभर आलात, तेच पाणी त्या शहराची तटबंदी होतं.

वरच्या वालेज्जो गावात हातानं वळलेले टोर्टेलिनी, म्हणजे सारण भरलेला पास्ता, प्रसिद्ध आहेत. त्यांना ‘नोदो द’आमोरे’ म्हणतात, प्रेमाची गाठ. व्हिस्कोन्तीच्या छावणीतला सैनिक माल्को आणि नदीतली जलपरी सिल्व्हिया. दोघं प्रेमात पडले, नदीत शिरण्याआधी त्यांनी सोनेरी रेशमी रुमालाला गाठ मारून तो काठावर ठेवला, आणि त्या पातळ रुमालासारखी पारी लाटून तशीच गाठ मारतात, अशी दंतकथा. जूनमध्ये एका संध्याकाळी त्या पुलावर लांबच लांब टेबलं मांडून हजारो लोक हे टोर्टेलिनी खातात. गोष्ट सुरेख आहे, पण तुम्ही ते मागवू नका. पारंपरिक सारण मांसाचं असतं.

जेवणाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण शाकाहारी मराठी जोडप्यांचा दिवस बिघडतो तो बहुतेक इथंच. उत्तर इटलीत ताज्या पास्त्याच्या पारीत अंडं असतंच. त्यामुळे टोर्टेलिनी, टोर्टेली, रॅव्हिओली, ताल्यातेल्ले हे सगळं तुमच्यासाठी बाद. सुका पास्ता, म्हणजे स्पॅगेटी किंवा पेन्ने, सहसा फक्त रव्याचा आणि पाण्याचा असतो, तो टोमॅटोच्या रश्शात घ्या. रिसोट्टो, म्हणजे मऊ शिजवलेला भात, शाकाहारी दिसतो पण बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. मांतोवाचा ‘आल्ला पिलोता’ रिसोट्टो तर डुकराच्या मांसाचाच. पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवून भाजलेला तुकडा, इथल्या घराघरांतलं अन्न. चीज किंवा अळंबीबरोबर मिळतो आणि सायकलवर पोटाला आधार देतो. ग्राना आणि पार्मेझान या चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, ते चालतं की नाही हे तुम्ही ठरवा. एका कागदावर इटालियनमध्ये लिहून घ्या आणि दाखवा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाचं पाणी नाही. उच्चारायचं असेल तर ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा, सेन्झा ब्रोदो दी कार्ने’. नुसतं ‘व्हेजितेरियानो’ म्हटलं तर अंडं येणारच.

आणि वेळ. स्वयंपाकघर साडेबाराच्या सुमारास उघडतं आणि अडीचला बंद होतं. तीन वाजता भूक लागली तर गावात सगळी शटरं खाली असतात, किराणा दुकानंही. म्हणून बोर्गेत्तोत साडेबाराला टेबलावर बसा. आमचा स्वतःचा कल तर आदल्या दिवशी ब्रेड, टोमॅटो, फळं घेऊन ठेवायचा असतो. पाणचक्कीच्या खालच्या अंगाला काठावर बसून खायचं, आणि मग चक्कीशेजारी कॉफी. सोबत पुण्याहून नेलेली शेंगदाण्याची चिक्की. ती बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा. तिसाव्या किलोमीटरला एकदम हातपाय गळतात, त्या वेळी दुसऱ्या कशानंही इतक्या लवकर तरतरी येत नाही.

बोर्गेत्तोतच एक निर्णय घ्यायचा आहे, आणि तो तुम्ही घ्यायचा, यजमानांनी नाही. पुढे मांतोवा ३० किलोमीटर. परत पेस्किएरा १५. तोपर्यंत गुडघा कुरकुरत असेल, बैठक दुखत असेल, किंवा इथंच नदीत पाय सोडून दुपार काढावीशी वाटत असेल, तर परत फिरा. ३० किलोमीटरचा तो दिवसही पूर्ण आहे. या मार्गाचं मला आवडणारं वैशिष्ट्य हेच, की सगळ्यात देखणा भाग पहिल्या पंधरा किलोमीटरमध्ये येऊन जातो. यजमानांना अजून चालवायचं असेल तर ते मांतोवाला एकटे जाऊन गाडीनं परत येऊ शकतात आणि तुम्ही संध्याकाळी सरोवरात पाय बुडवून त्यांची वाट बघू शकता. एका वर्षी आम्ही हेच केलं. एकत्र आलोय म्हणून प्रत्येक किलोमीटर एकत्रच केला पाहिजे असं नाही.

पुढे निघालात तर वाट बदलते. टेकड्या संपतात, पो नदीचं सपाट मैदान सुरू होतं. काही भाग जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गावरून जातो, मग पोत्सोलोनंतर कालव्याच्या काठानं सरळच सरळ. सावली कमी. खरं सांगायचं तर इथले दहा किलोमीटर कंटाळवाणे आहेत, आणि नेमकी हीच वेळ दुपारी दोन-तीनची. निघण्यापूर्वी दोघांच्याही बाटल्या भरा. गावातल्या नळावर ‘नॉन पोताबिले’ लिहिलेलं असेल तर ते पिण्याचं पाणी नाही, तसं नसलेले सार्वजनिक नळ मी बिनधास्त वापरते. मीठ-साखरेची पुडी पाण्यात टाका. या पट्ट्यात आम्ही दर पाच किलोमीटरला थांबतो, तहान असो वा नसो. बगळे दिसतात, कधी खंड्या, आणि कालव्याच्या काठावर मोठ्या घुशीसारखा एक प्राणी दिसला तर घाबरू नका, तो न्यूट्रिया. त्याची फर मिळावी म्हणून दक्षिण अमेरिकेतून आणला, तो इथलाच झाला. गळ टाकून बसलेले आजोबा असतात. त्यांना ‘बुओन्जोर्नो’ म्हणा, उत्तर हमखास येतं.

पंक्चरची तयारी मात्र इथूनच हवी, कारण मध्ये दुकान नाही. दुकानदाराकडून ट्यूब, लिव्हर आणि पंप मागून घ्या आणि पंप त्याच सायकलच्या व्हॉल्व्हला बसतो का ते बघा. एकदा आम्हाला भाड्यानं मिळालेला पंप दुसऱ्याच प्रकारच्या व्हॉल्व्हचा निघाला, आणि कालव्याकाठी तासभर उन्हात बसलो. शेवटी एका जर्मन जोडप्यानं मदत केली. बघायला अर्धं मिनिट लागतं. आणि नाशिकमध्ये एकदा तुम्ही स्वतः ट्यूब बदलायला शिका. यजमानांना येतं म्हणून सोडून देऊ नका.

मग हळूहळू हवेत पाण्याचा वास येतो, वेतासारखी उंच गवतं दिसू लागतात आणि मांतोवा जवळ येतं. मिंचो इथं पसरून शहराला तीन बाजूंनी तळ्यांनी वेढते. ही तळी बाराव्या शतकाच्या शेवटी आल्बेर्तो पितेन्तिनो या जलतज्ज्ञानं बांध घालून घडवली. जुन्या शहरात शिरताना पोन्ते देई मुलिनी या पुलावर दोन्ही बाजूंना पाणी आणि समोर घुमट-मनोरे. वरच्या तळ्यात कमळं आहेत, आपली आशियातली कमळं. १९२१ मध्ये कुणीतरी इथं लावली आणि ती इतकी पसरली की आता ती आटोक्यात ठेवावी लागतात. फुलं जुलै-ऑगस्टमध्ये येतात. मेअखेर तुम्हाला पानंच दिसतील, पण पन्नास किलोमीटरच्या आसपास पॅडल मारून आल्यावर परक्या देशात कमळाची पानं दिसणं, माझ्या घशात तर काहीतरी दाटलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र या मार्गावर येऊ नका, ऊन आणि डास दोन्ही असह्य.

मांतोवाला रात्र काढता येत असेल तर नक्की काढा. एका रात्रीपुरते कपडे कॅरिअरच्या बॅगेत, बाकी सामान पेस्किएराच्या हॉटेलात, सायकल दोन दिवसांसाठी भाड्यानं. दमलेल्या अंगानं राजवाडा बघू नये. सकाळी ताजेतवाने होऊन पालात्सो दुकालेमधली ‘कामेरा देल्यी स्पोझी’ बघा, म्हणजे नवरा-बायकोची खोली. आंद्रेआ मान्तेन्यानं १४६५ ते १४७४ अशी नऊ वर्षं रंगवलेली. भिंतीवर मांतोवाचा अधिपती लुदोव्हिको गोन्झागा आणि त्याची बायको बार्बरा बसलेली आहेत, भोवती मुलं, दरबारी, खुर्चीखाली कुत्रा. छतात मध्यभागी रंगानंच उघडलेलं गोल आकाश, आणि त्याच्या कठड्यावरून बायका खाली डोकावून तुमच्याकडे बघतात. या खोलीत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, म्हणून वेळ आधी आरक्षित करा. मला त्या चित्रातली बार्बरा फार आवडते. ती शोभेसाठी बसवलेली वाटत नाही. त्या घरात तिचं म्हणणं चालतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

संध्याकाळी जेवायला भोपळ्याचे टोर्टेली सगळे सुचवतील. सारणात लाल भोपळा, बदामाची कुरकुरीत बिस्किटं आणि फळांचं मोहरीतलं तिखट लोणचं, वरून लोणी आणि सेजची पानं. चव आपल्या जिभेला आश्चर्यकारक जवळची आहे, पण पारीत अंडं असतं. यजमान अंडं खात असतील तर त्यांनी जरूर खावेत. स्ब्रिझोलोना हा मक्याच्या पिठाचा आणि बदामाचा खुसखुशीत केक हातानं तोडून खातात. पारंपरिक कृतीत डुकराची चरबी आणि अंड्याचा बलक असतो, तेव्हा तोही विचारूनच.

परतीला मांतोवाहून व्हेरोना पोर्ता नुओव्हापर्यंत लोकल, पाऊण तासाच्या आसपास, आणि तिथून पेस्किएरा. सायकलचं चिन्ह असलेल्या लोकल गाड्यांतच सायकल नेता येते आणि तिचं वेगळं तिकीट लागतं. वेगवान गाड्यांत सुटी न केलेली सायकल चालत नाही. कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. संध्याकाळची शेवटची गाडी धरू नका, सायकलच्या जागा भरल्या असतील तर तुम्हाला खाली ठेवून ती निघून जाईल. शेवटच्या आधीची किंवा त्याच्याही आधीची धरा.

आणि तरीही सरूचे रस्तेच हवे असतील, तर तेही करा, पण ई-सायकलवर. पॅडल मारलं की मोटर मदत करते आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबते. सान क्विरिकोहून बान्यो विन्योनीला उतरा. तिथं गावाच्या चौकाच्या जागी गरम पाण्याचा जुना चौकोनी कुंड आहे, आपल्या वज्रेश्वरीची आठवण येईल, फक्त त्यात उतरायला परवानगी नाही. मग चढून पिएन्झा, आणि परत. तुम्ही ई-सायकल घ्या आणि यजमानांना साधी घेऊ द्या, म्हणजे चढावर दोघं बरोबर राहाल. यात कमीपणा नाही. माझ्या ५८व्या वर्षी मी टेकड्यांवर ई-सायकलच घेते, आणि गेल्या खेपेला पिएन्झाच्या वेशीवर झाडाखाली बसून नवऱ्याची वाट मी बघत होते. तो पोचला, उतरला, पाणी प्याला, बसला. त्यानं ‘निघू या’ म्हणेपर्यंत मी उठले नाही.